देवरे सिस्टरांचा दगड

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी लिफ्ट बंद होती. हमाल कपाट घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचले, पण आमचं दार सारखं मिटत होतं. त्यांच्यातल्या एकाने समोरच्या दारापाशी उन्हात ठेवलेली छोटी मातीची कुंडी उचलली आणि दाराला अडकण म्हणून लावली. कुंडीत दगड होता. निदान आम्हा सगळ्यांना तो दगडच वाटला. करडा, चपटा, वरून भेगा पडलेला. कुणीतरी कुंडीत दगड ठेवलाय, एवढंच मनात आलं आणि मी पुढच्या खोक्याकडे वळले.

पाच मिनिटांत समोरचं दार उघडलं.

"हाई काय शे?"

दारात एक उंच, सडसडीत बाई उभ्या होत्या. केस पांढरे आणि पोरासारखे बारीक कापलेले, सुती साडी कडक पिन केलेली, आणि मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं. त्यांनी खाली बसून दोन्ही हातांनी कुंडी उचलली, डोळ्यांजवळ नेली, फिरवून पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दहा वर्षांचा आहे हा."

मी चटकन त्यांच्या मागे पाहिलं. मला वाटलं, घरात कुणी मुलगा आहे.

"हा," कुंडी दाखवत त्या म्हणाल्या. "झाड आहे. जिवंत आहे." मग हमालाकडे वळल्या. आता त्याला झापणार, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "कंबरेतून वाकू नको रे. गुडघ्यात वाक. पन्नाशीत रडशील." आणि आतून एक लाकडी पाचर आणून त्यांनी स्वतःच्या हाताने आमच्या दाराखाली ठोकली.

ही देवरे सिस्टरांची आणि माझी पहिली भेट.

सिस्टर मूळच्या कळवणकडच्या. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये तीसेक वर्षं काढून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं सोसायटीतल्या एका बाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ड्यूटी होती." पुढे कुणी विचारलं नाही. बोलणं नाशिकच्या कुठल्याही शिकलेल्या बाईसारखं. फक्त राग आला किंवा पुतणीशी फोनवर बोलायला लागल्या की अहिराणी बाहेर यायची. पुतणी वैशाली कळवणला शिक्षिका. सिस्टरांचं जवळचं माणूस म्हणावं तर तेवढंच.

त्यांच्या घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "हात धुतले का?" मग पाणी, चहा, जे काय असेल ते. गॅलरीत तीस-चाळीस कुंड्या होत्या, सगळ्या निवडुंगांच्या. गोल, लांबोडके, केसाळ, काटेरी. त्यांना सिस्टर मायेने पण बेतानेच वागवायच्या. सगळ्यात आतल्या फळीवर, पावसाचा थेंब पोचणार नाही अशा जागी, तो दगड असायचा.

त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅरिओकार्पस. सिस्टर ते नाव एखाद्या मोठ्या सर्जनचं घ्यावं तसं पूर्ण घ्यायच्या. मूळचा मेक्सिकोतल्या खडकाळ माळांवरचा. तिकडे तो जमिनीत अर्धा रुतून बसतो, दगडांत दगडासारखा दिसतो, म्हणून जनावरांच्या तोंडातून वाचतो. वाढतो इतका हळू की पाच वर्षांत शर्टाच्या बटणाएवढा होतो. जमिनीखाली मात्र त्याचं गाजरासारखं जाड मूळ असतं, आणि त्याचा जीव त्या मुळात. पाणी जास्त झालं की मूळ सडतं. वरून मात्र कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

"मग एवढा अवघड लावायचाच कशाला?" मी एकदा विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. वॉर्डात एकदा वनस्पतिशास्त्राचे एक वयस्कर प्राध्यापक दाखल होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं, घरचं कुणी जवळ नाही. सिस्टर ड्यूटी संपली की त्यांच्यापाशी घटकाभर बसायच्या. ते निवडुंगांबद्दल बोलायचे, या ऐकायच्या. घरी जाताना त्यांनी औषधाच्या कागदी पाकिटात पाच बिया दिल्या. खसखशीहून थोड्या मोठ्या. म्हणाले, "बाजारात मोठी झाडं मिळतात, पण ती बहुतेक डोंगरातून उपटून आणलेली असतात. तशी घेऊ नका. हे माझ्या घरच्या झाडांचं बी आहे. घाई असेल तर मात्र लावू नका."

सिस्टरांनी वाळू कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन निर्जंतुक केली. मिठाईच्या पारदर्शक डब्यात ती भरली, हातमोजे घालून बिया वर ठेवल्या आणि झाकण लावून टाकलं. पाचांतल्या तीन रुजल्या. एक पहिल्या पावसाळ्यात गेला, एक चौथ्या वर्षी. उरला तो हा. फूल कधी येईल याची खात्री नव्हती. प्राध्यापक सांगून गेले होते, गुलाबी असतं म्हणून.

"आणि नाहीच आलं तर?"

"तर नाही आलं. मला कुठे जायचंय?"

खरंच त्या कुठे जायच्या नाहीत. पुतणीच्या लग्नालासुद्धा सकाळच्या एसटीने गेल्या आणि अक्षता पडल्यावर परत आल्या. सोसायटीत त्यावरून त्यांची थट्टा व्हायची. त्यांच्या कानावर जायची ती. त्यांना काही वाटायचं नाही.

थट्टा त्यांच्या मोजण्याचीही व्हायची. ऑपरेशननंतर पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे, चिमटे, सुया सगळं मोजायची सवय हाडात मुरलेली. गणपतीत सोसायटीचा महाप्रसाद झाला की वाढपाचे डाव, पळ्या, झारे सिस्टर मोजायच्या. एका वर्षी एक डाव कमी भरला. केटररची माणसं टेम्पो भरून उभी होती. सेक्रेटरी म्हणाले, "सिस्टर, जाऊ द्या हो, एका डावाने काय होतंय?" सिस्टर हलल्या नाहीत. "आत काही राहिलं असेल तर बंद करायचं नसतं," एवढंच म्हणाल्या. वीस मिनिटं सगळे थांबले. डाव उरलेल्या मठ्ठ्याच्या पिंपात तळाशी सापडला. सेक्रेटरी हसायला लागले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी डाव धुतला, पुसला, आकडा पुन्हा म्हटला आणि मगच टेम्पो सोडला.

आम्ही राहायला आल्यानंतर चौथ्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. माझे सासरे, अण्णा, अंबडच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचे. यंत्राच्या सुट्या भागावरचा केसाएवढा ओरखडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण सासूबाईंच्या पाठीमागे ते खुर्चीत बसले ते बसलेच. पेपर मांडीवर, डोळे भिंतीवर. माझा नवरा बोलून थकला, मी बोलून थकले.

सिस्टरांनी महिनाभर काही म्हटलं नाही. मग एका सकाळी दार वाजवलं. "अण्णा, माझी नजर कमी झालीये. पिठ्या ढेकूण दिसत नाहीत मला. तुम्ही बघता का?"

पिठ्या ढेकूण म्हणजे झाडांच्या सांदीकोपऱ्यात बसणारी कापसासारखी पांढरी कीड. अण्णा उठले ते मला वाटतं केवळ भिडेने. पण पहिल्याच दिवशी त्यांना अकरा सापडले. सिस्टरांनी बारीक ब्रश आणि स्पिरिटची बाटली पुढे केली. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतःहून गेले. पुढे रोज सकाळी दहाला ते भिंग घेऊन समोर जायचे आणि जेवायच्या वेळेला यायचे. त्या दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही. "इथे एक." "काढा." "झालं." एवढंच.

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात सिस्टरांच्या पोटात गाठ निघाली. आम्हाला हे त्यांनी जिन्यात सांगितलं, हातात भाजीची पिशवी असताना. "गाठ आहे. काढतील. मग तपासतील. कसली आहे ते नंतर कळेल. मी ऑपरेशननंतर वैशालीकडे राहीन महिनाभर."

मी काहीतरी धीराचं बोलायला लागले. त्यांनी पिशवीतून पालकाची जुडी काढून माझ्या हातात दिली. "दोन आणल्या चुकून. घे."

घराची किल्ली आणि झाडांची यादी अण्णांकडे. प्रत्येक कुंडीपुढे किती दिवसांनी किती पाणी ते सिस्टरांच्या टपोऱ्या अक्षरात. अ‍ॅरिओकार्पसपुढे मात्र फक्त, "पाणी नाही. मी येईपर्यंत नाही." खाली रेघ.

ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात भेटून आले, पुढे त्यांना वैशाली गाडी करून कळवणला घेऊन गेली. तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ होता. इकडे पाऊस लागून राहिला होता. अण्णा नेमाने जात होते.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की अण्णा जेवत नाहीयेत. ताटातली पोळी तशीच. मी विचारलं, तर उठून गॅलरीत गेले. मागोमाग गेले तर पाठ वळवूनच म्हणाले, "मनीषा, मी मारला गं त्यांचा दगड."

मला आधी कळेचना. मग ते मला समोर घेऊन गेले. कुंडी फळीवर होती. वरून काही फरक नव्हता. त्यांनी बोटाने बुडापाशी हलकेच दाबलं, तर बोट आत गेलं. कुबट वास आला.

"पाणी घातलंत?"

"दोन चमचे. रोज. सुकल्यासारखा वाटला गं. आत ओढल्यासारखा. शेवटच्या दिवसांत सुमन पाणी मागायची, तुला ठाऊक आहे. डॉक्टर नाही म्हणाले होते, मी दिलं नाही. आठ दिवस ती मागत होती आणि मी दिलं नाही. आता हा समोर तहानलेला... मला बघवेना."

मी सून म्हणून या कुटुंबात बारा वर्षं होते. सासूबाईंच्या त्या आठ दिवसांत मीही तिथेच होते. पण अण्णांनी हे असं आत धरून ठेवलंय, हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टरांना कळवायचं की नाही, यावर आम्ही दोन दिवस घालवले. अण्णा म्हणायचे, रिपोर्ट यायचाय, त्यात हे कसं सांगू. मग तिसराच विचार निघाला, दुसरा आणून ठेवू. मीही वेड्यासारखी त्यांच्याबरोबर निघाले. गंगापूर रोडच्या चार नर्सऱ्या पालथ्या घातल्या. मोबाईलवरचा फोटो बघून एका नर्सरीवाल्याने सरळ विचारलं, "मॅडम, दगड पाहिजे का तुम्हाला? तो तर फुकट देतो." परत येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "आणि मिळाला असता तरी? त्यांना कळलं नसतं का? पहिल्या नजरेत." घरी आल्यावर मी फोन लावला.

मी रडायलाच लागले. काय सांगितलं ते मला आठवत नाही. पलीकडे सिस्टरांनी मला संपूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "मऊ कुठेय? वरून की खालून?"

"खालून."

"वर मधोमध लोकर असते ना, ती? पांढरी की काळी?"

"पांढरी."

"मग ऐक. कुंडीतून काढ. धुऊ नको. कागदावर ठेव, पंख्याखाली. कुणी हात लावायचा नाही. सकाळी पोचते मी."

"सिस्टर, तुमचे टाके..."

"टाके निघाले माझे," त्या म्हणाल्या, आणि लगेच मागे वैशालीचा चढलेला आवाज आला. सिस्टर तिला ओरडल्या, "माले काही व्हस नही!" आणि फोन बंद.

सकाळी साडेनऊला त्या आल्या. एसटीने. चेहरा उतरलेला, एक हात पोटाशी धरलेला. मी पाणी आणलं, त्यांनी आधी हात धुतले. अण्णा आमच्या दारात उभे होते, खाली मान घालून. सिस्टर त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "अण्णा, चष्मा घ्या. माझा हात भरवशाचा नाही अजून. तुम्ही धरायचं, मी कापायचं."

आमच्या जेवणाच्या टेबलावर स्वच्छ कागद पसरला. चार नवी ब्लेड, स्पिरिट, कापूस. माझ्याकडून दालचिनी मागवली आणि मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखी करायला सांगितली. बुरशीवर ती चालते म्हणे. अण्णांनी दोन्ही हातांच्या बोटांत तो उलटा धरला. तो बोटांत स्थिर राहीना. सिस्टर थांबल्या. "घाई नाही. थांबू आपण." अण्णांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. मग हात ठरले.

सिस्टरांनी पहिला काप घेतला. आत सगळं तपकिरी, चिकट. दुसरा काप. तपकिरी. प्रत्येक कापाला ब्लेड स्पिरिटने पुसायचं, नाहीतर सड पुढे जाते. गाजराएवढं मूळ हळूहळू कागदावर चकत्या होऊन पडत होतं. चौथ्या कापाला कडा पांढऱ्या दिसल्या, पण मधोमध तपकिरी ठिपका.

"दिसतोय?" सिस्टरांनी विचारलं.

"दिसतोय," अण्णा म्हणाले. "मोहरीएवढा."

"मग अजून."

पाचवा काप. ठिपका बारीक. आता खाली मूळ जवळजवळ उरलंच नव्हतं. पुढचा काप म्हणजे थेट अंगात. सिस्टरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. "आहे अजून. एक घ्यावाच लागेल."

सहावा काप त्यांनी कागदासारखा पातळ घेतला. आतला गर पांढराशुभ्र होता, ओलसर, कापलेल्या काकडीसारखा. अण्णांनी भिंगातून सगळीकडून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. एकही नाही."

सिस्टरांनी ब्लेड खाली ठेवलं आणि जखमेवर दालचिनी चोळली. खोलीभर वास सुटला. मग अण्णांनी पाण्याचं सगळं सांगितलं, सासूबाईंचंही. एका दमात, टेबलाकडे बघत.

सिस्टरांनी ऐकलं. "अण्णा," त्या म्हणाल्या, "पेशंटला पाणी नाही म्हणणारी बाई मीच होते. तीस वर्षं. किती जणांना म्हटलं असेल. सगळे मागतात. नातेवाईक बाहेर उभे राहून माझ्याकडे वैऱ्यासारखं बघतात. दिलं असतं तर श्वासनळीत गेलं असतं. गुदमरून गेल्या असत्या त्या, तुमच्या हातून. कापसाने ओठ ओले केले होते?"

"केले. दर पंधरा मिनिटांनी."

"झालं तर. त्यापलीकडे आम्हीसुद्धा काही करत नाही."

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. खूप वेळ पुसत राहिले. त्या दुपारी ते दोन पोळ्या जेवले.

मी सिस्टरांना वाढत होते तेव्हा न राहवून विचारलं, "रिपोर्ट कधी येणार आहे?"

"आला की. सोमवारी."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"साधी गाठ होती. कॅन्सर नाही. काही नाही."

"अहो सिस्टर! मग काल फोनवर सांगितलं का नाही?"

"तू रडत होतीस. मध्ये कुठे सांगू?" त्या म्हणाल्या आणि आमटी पुढे सरकवायची खूण केली. मला हसू की रडू कळेना. अण्णा मात्र मोठ्याने हसले. सासूबाई गेल्यानंतर आमच्या घरात तसं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

तो उरलेला तुकडा महिनाभर जाळीवर कोरडा पडून होता. मग खड्यांवर नुसता टेकवून ठेवला. दिवाळी झाली, थंडी गेली. मार्चमध्ये अण्णांनी तो हलकेच हलवून पाहिला, तर हलला नाही. खालून मूळ फुटलं होतं. ते चप्पल न घालताच आमच्याकडे सांगायला आले.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मधल्या लोकरीतून एक कळी वर आली. एका सकाळी ती उघडली. एवढ्याशा करड्या अंगावर, अंगाहून मोठं वाटावं असं फूल. सोसायटीतले सगळे येऊन बघून गेले, हात धुऊन. सिस्टर चहाचा कप घेऊन समोर बसल्या होत्या. चहा संपेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुलाबीच आहे." आणि कप धुवायला आत गेल्या.

या उन्हाळ्यात वैशालीला जुळं झालं. मुलगा आणि मुलगी. तिचा फोन आला, "आत्या, माझ्याच्याने होत नाही, तू ये." सिस्टरांनी दोन दिवसांत ठरवलं. बहुतेक कुंड्या ज्याने मागितल्या त्याला दिल्या. अ‍ॅरिओकार्पस मात्र आमच्या गॅलरीत, अण्णांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवला.

"माझ्याकडे?" अण्णा म्हणाले. "पुन्हा?"

"दुसऱ्या कुणाला माहितीये का तो आतून कसा दिसतो?"

या वेळी पाण्याच्या यादीचा कागद दिला नाही.

जायच्या दिवशी वैशालीच्या नवऱ्याने जीप आणली. दोन बॅगा, एक गादी, पाळण्याच्या दोऱ्या. सगळे खाली जमले होते. सिस्टरांनी कुणाला मिठी वगैरे मारली नाही. माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला, अण्णांना नमस्कार केला आणि पुढच्या सीटवर बसल्या. जीप फाटकापाशी गेली आणि तिथेच अडकली, कारण समोरून पाण्याचा टँकर आत येत होता. आम्ही सगळे निरोपाचे हात वर करून तसेच उभे. हात खाली घ्यावेत की नाही, कुणाला कळेना. मी चार पावलं पुढे जाऊन काचेतून पाहिलं.

सिस्टर झोपल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते, टँकरवाला हॉर्न वाजवत होता, आणि त्या मान खिडकीला टेकवून, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलासारख्या गाढ झोपल्या होत्या.